उरलेला आकडा

अमेरिकेतल्या ख्रिस्ती विद्यापीठाच्या आर्थिक साहाय्य विभागात काम करणाऱ्याला मार्च-एप्रिलमध्ये एकच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो : आणखी किती स्कॉलरशिप मिळेल? प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. मिळालेल्या रकमेची चौकशी सगळे करतात, उरलेल्या रकमेची फारसं कोणी करत नाही, आणि पुढची दहा-पंधरा वर्षं घरात जाणवते ती उरलेलीच रक्कम. ही कागदपत्रं वर्षानुवर्षं हाताळल्यावर माझं मत असं झालं आहे की, विद्यापीठाची उदारता त्यानं काय दिलं यावरून मोजू नये. देणंघेणं आटोपल्यावर कुटुंबाच्या अंगावर काय राहिलं आणि चार वर्षांत ते कुठवर वाढलं, यावरून मोजावी. ही कसोटी कुठल्याही खासगी विद्यापीठाला लावता येईल. ख्रिस्ती विद्यापीठाला मात्र ती अधिक कडकपणे लावायला हवी. पाळक, शिक्षक, परिचारिका, समाजसेवक घडवणं हे आपलं कार्य आहे असं ते स्वतःच सांगतं, आणि या सगळ्या कामांत पगार बेताचेच असतात. सेवेला जा म्हणायचं आणि जाताना खांद्यावर असं कर्ज द्यायचं की सेवा परवडूच नये, हे एका संस्थेच्या तोंडी शोभत नाही.

आधी पैसा येतो कुठून ते पाहू. मोठा झरा सरकारी आहे. १९६५ साली राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी उच्च शिक्षण कायद्यावर सही केली. आज मिळणारी बहुतेक केंद्रीय मदत त्याच कायद्याच्या छत्राखाली मिळते. गरजू विद्यार्थ्याला परत न करण्याच्या बोलीवर मिळणारं अनुदान १९७२ साली सुरू झालं आणि १९८० साली त्याला सिनेटर क्लेबोर्न पेल यांचं नाव मिळालं. या पेल ग्रँटची वर्षाची कमाल रक्कम २०२३-२४ ते २०२५-२६ या तिन्ही वर्षांत ७,३९५ डॉलरवर थांबलेली होती. त्याखेरीज केंद्राचं विद्यार्थी कर्ज आहे, पालकांसाठी वेगळं 'पॅरेंट प्लस' कर्ज आहे, आणि कॅम्पसवर तासावारी काम करून कमवायची वर्क-स्टडी आहे. या सगळ्यांची किल्ली एकच : फाफ्सा नावाचा अर्ज. दुसरा झरा राज्य सरकारचा, तो राज्याराज्याप्रमाणे बदलतो. तिसरा विद्यापीठाचा स्वतःचा : गुणांवरची स्कॉलरशिप, गरजेवरचं अनुदान, खेळ-संगीतासाठीची रक्कम, पाळकांच्या किंवा मिशनरींच्या मुलांना सवलत. चौथा झरा फक्त इथलाच, मंडळीचा. विद्यार्थ्याच्या चर्चनं हजार डॉलर दिले तर विद्यापीठही आपले हजार घालतं, अशी योजना अनेक ठिकाणी आहे. रविवारच्या दानातून गोळा झालेला हा पैसा आकारानं लहान असतो, पण सगळ्यात स्वच्छ असतो. तो परत करायचा नसतो आणि त्यामागे कोणाचं विक्रीचं गणित नसतं.

आता हे झरे एका पत्रात एकत्र कसे येतात ते जवळून पाहावं. आकडे मी उदाहरणादाखल घेतो, पण पत्राचा साचा नेहमीचाच आहे. शिकवणी फी ३८,००० डॉलर, राहणं-जेवण १२,०००, पुस्तकं, प्रवास व वरखर्च ५,०००. एकूण वर्षाचा खर्च ५५,०००. त्याखाली 'आपणास मंजूर झालेलं साहाय्य' म्हणून यादी येते : अध्यक्षीय स्कॉलरशिप २०,०००, चर्च आणि विद्यापीठ मिळून २,०००, पेल ग्रँट ५,०००, वर्क-स्टडी २,५००, विद्यार्थी कर्ज ५,५००, पॅरेंट प्लस २०,०००. बेरीज ५५,०००. शेवटच्या ओळीत उरलेली रक्कम : शून्य. घरी आनंद होतो, आणि पत्रात खोटं तर काहीच नसतं. पण सहाच्या सहा ओळी एकाच रकान्यात, एकाच अक्षरात, एकाच शीर्षकाखाली बसवलेल्या असतात. खरं साहाय्य पहिल्या तीन ओळींतलं, २७,००० डॉलरचं. चौथी ओळ म्हणजे अजून न केलेल्या कामाची मजुरी. ती दर पंधरवड्याला तास मोजून हातात पडते, ऑगस्टच्या बिलातून आपोआप वजा होत नाही. पाचवी आणि सहावी ओळ म्हणजे २५,५०० डॉलरचं कर्ज, तेही एका वर्षाचं. शून्य लिहिलेल्या जागी प्रामाणिक आकडा २८,००० हा होता.

एका वर्षाचं पत्र आणखी एक गोष्ट झाकतं, ती म्हणजे पुढची तीन वर्षं. फी आणि खानावळीचा खर्च दर साल चार टक्क्यांनी वाढला असं धरू. ५०,००० चे दुसऱ्या वर्षी ५२,००० होतात, चौथ्या वर्षी ५६,२०० च्या वर जातात. अध्यक्षीय स्कॉलरशिप मात्र पहिल्या दिवशी ठरली तेवढीच, २०,०००. आणि तीही ठरावीक गुणांची सरासरी टिकवली तर. पालकांच्या आधाराने शिकणाऱ्या विद्यार्थ्याला केंद्राचं कर्ज पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, पुढे दर वर्षी ७,५०० एवढंच मिळतं. चार वर्षांचे २७,०००. राहिलेला भार पालकांवर. पॅरेंट प्लसला पूर्वी एकूण खर्चाएवढी मोकळीक होती. २०२५ च्या कायद्यानं १ जुलै २०२६ पासून नव्यानं कर्ज घेणाऱ्या पालकांवर वर्षाला २०,००० आणि एका मुलामागे एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा घातली. आमच्या उदाहरणातलं कुटुंब तीन वर्षांत ६०,००० उचलून बसतं, आणि पदवीच्या वर्षी त्याच्यासाठी फक्त ५,००० शिल्लक राहतात. पहिल्या वर्षी शून्य दाखवणारं पत्र चौथ्या वर्षी हजारोंचा खड्डा दाखवतं, आणि तेव्हा दुसरीकडे प्रवेश घ्यायची वेळ टळून गेलेली असते. शिक्षण अर्धवट टाकून जाणारे विद्यार्थी कर्ज मात्र पूर्ण घेऊन जातात. या कामातलं सगळ्यात वाईट चित्र कोणतं असेल तर हेच.

यावर विद्यापीठांचं ठरलेलं उत्तर असं : छापील फी जास्त ठेवल्यामुळेच ऐपत असलेल्यांकडून पैसा येतो आणि गरिबाला सूट देता येते. तत्त्व म्हणून हे पटण्यासारखं आहे, पण व्यवहारात ते टिकत नाही. अमेरिकेतल्या खासगी, ना-नफा महाविद्यालयांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मिळणारी सरासरी सूट आता छापील फीच्या ५६ टक्क्यांच्या आसपास पोहोचली आहे आणि ती जवळजवळ सगळ्यांनाच मिळते. जिथे छापील किंमत कोणीच देत नाही तिथे श्रीमंताकडून गरिबाकडे जाणारा पैसा उरतो कुठे? शिवाय या सुटीचा मोठा भाग गुणवत्तेच्या नावानं जातो, आणि चांगले गुण मिळवून देणाऱ्या शाळा, शिकवण्या, परीक्षेच्या दुसऱ्या-तिसऱ्या खेपा सुखवस्तू घरांनाच सहज परवडतात. अशी स्कॉलरशिप बहुतेकदा कुठल्या ठेवीच्या व्याजातून येत नाही. ती फीमधली घट असते, आणि तिला सन्मानाचं नाव दिलेलं असतं. दिवाळीच्या सेलमध्ये किंमत वाढवून त्यावर निम्मी सूट लिहिणाऱ्या दुकानदाराला गिऱ्हाईक हसून ओळखतं. विद्यापीठाच्या मोहोरेच्या कागदावर तेच आलं की ते चौकटीत लावलं जातं. घट देण्यात गैर काही नाही. तिला दान म्हणणं गैर आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो पालकांच्या मायेचा आधार घेतो. मूल श्रद्धेच्या वातावरणात शिकावं म्हणून आईबाप स्वखुशीनं झीज सोसतात. त्यांना अडवणारे आम्ही कोण? झीज सोसण्याचा हक्क मला मान्य आहे. पण झीज केवढी होणार हे कळल्यावर घेतलेला निर्णयच स्वखुशीचा म्हणायचा. पॅरेंट प्लस देताना पालकाचा पतइतिहास बिघडलेला आहे का, एवढंच तपासतात; उत्पन्नातून हप्ता निघेल का, हे कोणी पाहत नाही. केंद्राच्या हिशेबतपासणी यंत्रणेनं, म्हणजे गाओनं, २०२२ साली महाविद्यालयांची साहाय्यपत्रं तपासली, तेव्हा अंदाजे ९१ टक्के महाविद्यालयं निव्वळ खर्च एकतर सांगतच नाहीत किंवा असतो त्यापेक्षा कमी सांगतात, असं आढळलं. म्हणजे दोष कुटुंबाच्या अडाणीपणाचा नाही, कागदाच्या मांडणीचा आहे. त्यात आणखी एक बारकावा ख्रिस्ती विद्यापीठांना थेट भिडतो. सार्वजनिक सेवेत १२० मासिक हप्ते भरल्यावर उरलेलं केंद्रीय कर्ज माफ होण्याची सोय २००७ पासून आहे, आणि सेवेला निघालेल्या विद्यार्थ्यांना ती नेहमी सांगितली जाते. पण पालकांच्या कर्जाची माफी पालकाच्या नोकरीवर ठरते. मुलगी गरीब वस्तीतल्या शाळेत दहा वर्षं शिकवत राहिली तरी ट्रक चालवणाऱ्या वडिलांच्या नावावरचं प्लस कर्ज तिच्या सेवेनं एका डॉलरनं कमी होत नाही. ज्यांच्या घरात सेवेची परंपरा आहे त्यांनाच हे आधी सांगायला हवं, आणि बहुतेक ठिकाणी ते कोणीच सांगत नाही.

यापेक्षा वेगळं काही करता येतं का? येतं, आणि ते करून दाखवणाऱ्या संस्थाही ख्रिस्तीच आहेत. केंटकीतलं बेरिया कॉलेज १८५५ साली गुलामगिरीविरोधी धर्मोपदेशक जॉन फी यांनी स्थापलं. १८९२ पासून तिथे शिकवणी फी घेत नाहीत. प्रवेश गरजू विद्यार्थ्यांनाच, त्यातही मुख्यतः अॅपलेशियाच्या डोंगराळ भागातल्या. आणि प्रत्येकानं आठवड्याला किमान दहा तास काम करायचंच. मिसुरीतलं कॉलेज ऑफ द ओझार्क्स १९०६ साली एका प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यानं सुरू केलं. तिथला विद्यार्थी आठवड्याला पंधरा तास गोठ्यात, स्वयंपाकघरात, पाहुण्यांच्या निवासात किंवा कार्यालयात राबतो आणि त्यातून फी फिटते. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका'चं सूत्र घेऊन १९४७ साली साताऱ्यात शिवाजी कॉलेज उभं केलं, ते ज्यांना माहीत आहे त्यांना यातलं मर्म समजावून सांगायला नको. आक्षेप असा येतो की बेरियाच्या गाठीशी एक अब्ज डॉलरहून मोठी ठेव आहे. लहान विद्यापीठानं तिची नक्कल कशी करावी? नक्कल करता येणार नाही, हे खरंच. पण बेरियाकडून घेण्यासारखी गोष्ट केवळ फुकट शिक्षण ही नाही. तिथे काम हा साहाय्याचा कणा आहे. इतरत्र वर्क-स्टडी ही यादीतली एक ओळ असते आणि काम मिळेलच याची हमी नसते. लहान विद्यापीठालाही प्रत्येक गरजू विद्यार्थ्याला दहा तासांच्या कामाची हमी देता येईल, आणि ती मजुरी आधी बिलातून वजा करण्याची मुभाही. त्याला अब्जावधींची ठेव लागत नाही.

आणखी एक मार्ग अलिप्ततेचा आहे. पेनसिल्व्हेनियातल्या ग्रोव्ह सिटी कॉलेजनं सरकारी बंधनं नकोत म्हणून केंद्राशी झगडा केला. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की विद्यार्थी केंद्राचं अनुदान घेत असतील तर कॉलेजच्या साहाय्य विभागाला त्या पैशामागचे नियम पाळावेच लागतील. चार वर्षांनी काँग्रेसनं कायदा करून ते बंधन सगळ्या संस्थेला लागू केलं. शेवटी कॉलेजनं केंद्राचं अनुदान आणि कर्ज दोन्ही सोडली. अशा निर्णयातला स्वाभिमान मी समजू शकतो, पण किंमत कोण देतं तेही पाहायला हवं. पेल ग्रँट सोडली की गरीब विद्यार्थ्याच्या हातचे सात हजार डॉलर जातात. संस्थेनं ते आपल्या दात्यांकडून भरून काढले तरच तो त्याग संस्थेचा, नाहीतर तो विद्यार्थ्याच्या नावावर केलेला त्याग. उलट बाजूनं, सरकारी मदत घेणाऱ्या विद्यापीठाला काही मिंधेपण येतं हेही नाकारता येत नाही. फाफ्साचं नवं रूप २०२३ च्या ऑक्टोबरऐवजी डिसेंबरच्या अगदी अखेरीस खुलं झालं, तेव्हा देशभरच्या विभागांना वसंत ऋतूत पत्रं पाठवताना नाकी नऊ आले. त्याच बदलात, एका घरातली किती मुलं एकाच वेळी कॉलेजात आहेत याचा हिशेब केंद्राच्या सूत्रातून गेला. तीन-चार मुलांची घरं आमच्याकडे नवी नाहीत. अशा घरांची अपेक्षित ऐपत कागदावर एका रात्रीत वाढली, पगार होता तेवढाच राहिला.

अशा वेळी विभागाच्या हातात एक अधिकार असतो. नोकरी गेली, आजारपणाचा मोठा खर्च आला, घटस्फोट झाला, तर कायदा साहाय्य अधिकाऱ्याला त्या कुटुंबापुरते फाफ्साचे आकडे बदलण्याची मुभा देतो. फाफ्सात दोन वर्षांपूर्वीच्या करपत्रकाचं उत्पन्न असतं, त्यामुळे हा अधिकार नसता तर कालच बेकार झालेला बाप अजून पगारदारच ठरला असता. असा फेरविचार मागता येतो हे विद्यापीठानं जाहीर करायला हवं, आणि सरसकट नकाराचं धोरण ठेवता येत नाही, हेही आता कायद्यात आहे. तरी विनंत्या येतात त्या बहुतांशी ज्यांना व्यवस्थेशी बोलायची सवय आहे अशा घरांतून. ज्यांना खरी गरज आहे ते 'आता ठरलंय ना' म्हणून गप्प बसतात. दानाचा स्वीकार संकोचानं करणं ही चर्चमध्ये वाढलेल्या अनेकांची रीत आहे, आणि तीच इथे त्यांच्या मुळावर येते. म्हणून पत्रासोबत एक साधी ओळ हवी : परिस्थिती बदलली असेल तर कळवा, कागद अमुक लागतील, उत्तर तमुक दिवसांत मिळेल.

महाराष्ट्रातून अशा विद्यापीठात येणाऱ्या विद्यार्थ्याची गोष्ट वेगळी आहे. एफ-वन व्हिसावरच्या विद्यार्थ्याला फाफ्सा नाही, पेल नाही, केंद्राचं कर्ज नाही. त्याला मिळते ती विद्यापीठाची स्कॉलरशिप, म्हणजे बहुतेकदा तीच फीमधली घट, आणि सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांपर्यंत काम. व्हिसासाठी विद्यापीठाकडून मिळणाऱ्या आय-ट्वेंटी या दाखल्यासाठी निदान पहिल्या वर्षाचे पैसे दाखवावे लागतात, म्हणून घरचे पहिल्या वर्षाची तजवीज करतात आणि पुढचं पुढे पाहू म्हणतात. बँकेचं कर्ज रुपयांत, फी डॉलरमध्ये. रुपया घसरला की कोणी न वाढवताही फी वाढते. 'पन्नास टक्के स्कॉलरशिप' ऐकून पेढे वाटण्यापूर्वी उरलेले पन्नास टक्के, गुणिले चार, गुणिले रुपया, हा गुणाकार करावा. प्रवेशासाठी श्रद्धापत्रावर सही लागते का, उपासनेला हजेरी सक्तीची आहे का, हेही आधीच विचारावं. काही विद्यापीठांची दारं सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांना खुली असतात, काहींची नसतात, आणि दात्यांनी ठेवलेल्या काही निधींना चर्चच्या सभासदत्वाची अट असते. यात लपवाछपवी नसते. विचारलं की सरळ उत्तर मिळतं.

राहिला शेवटचा आणि सगळ्यात व्यवहारी आक्षेप. एका विद्यापीठानं प्रामाणिकपणे २८,००० लिहिले आणि शेजारच्यानं शून्य लिहिलं, तर विद्यार्थी शेजारी जाणार. लहान ख्रिस्ती विद्यापीठं फीवरच जगतात. शंभर विद्यार्थी कमी झाले तर तिथे विभाग बंद होतात. २०२३ साली न्यूयॉर्कमधलं अलायन्स विद्यापीठ बंद पडलं, तसं कधीही होऊ शकतं ही भीती काल्पनिक नाही. मला हा धोका मान्य आहे, आणि तो पत्करायला हवा असं तरीही वाटतं. याचं कारण धर्मापेक्षा हिशेबाचं जास्त आहे. शून्य वाचून आलेला विद्यार्थी दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी निघून जातो. त्याच्या जागी नवा आणायला पुन्हा जाहिरात, पुन्हा सूट. खरा आकडा पाहून आलेला विद्यार्थी टिकतो, आणि जो खरा आकडा पाहून आलाच नाही त्याच्या अंगावर निदान अर्धवट पदवीचं कर्ज तरी चढत नाही. फी किती घ्यावी, यावर विद्यापीठांनी आपसांत संगनमत करायला कायद्याची आडकाठी आहे. पत्र सारख्या साच्यात लिहायला नाही. तेव्हा मागणी छोटीच आहे. तीन रकाने : परत न करायचं, कमवायचं, फेडायचं. फेडायच्या रकान्यात विद्यार्थ्याचं वेगळं, पालकांचं वेगळं. त्याखाली चारही वर्षांचा अंदाज, फीवाढ धरून, आणि पदवीनंतरचा मासिक हप्ता. ज्या विद्यापीठाला हे पत्र पाठवताना संकोच वाटेल, त्यानं पत्राची भाषा नव्हे, आपली फी तपासावी.